मागची दोन चाकं

बुर्गास, ८ ऑक्टोबर

राद्का,

परवा फोनवर तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही. झिव्का म्हणते, मी काय म्हणालो ते तुलाही कळलं नसणार, कारण मी सारखा "हॅलो, हॅलो"च करत होतो. म्हणून हे पत्र. कागदापुढे निदान ओरडावं लागत नाही.

खुब्याचं हाड छान जुळलंय. काठी घेऊन समुद्रापर्यंत जाऊन येतो. लोक लांबून समुद्र बघायला येतात म्हणे. मला तर कुणीतरी इंजिन चालू ठेवून निघून गेल्यासारखं वाटतं, दिवसरात्र नुसती घरघर. लेक जीव लावते, मासे करून घालते, नातवंडं अंगावर लोळतात. तक्रार करायला जागा नाही, तरी मला घरी यायचंय. स्तुदेन्काला, माझ्या घरात, नाताळच्या आधी.

हे मी झिव्काला सांगितलं. ती काय म्हणाली ऐक. "बाबा, बर्फ पडलं की पुलापलीकडे वर घाटात कावळासुद्धा जात नाही. तुमच्या गोळ्या कोण आणणार, पाव कोण आणणार?" मी म्हटलं, राद्काची गाडी येते की. तर म्हणाली, "बघू या येते का. पहिलं बर्फ पडल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत राद्काची एकही खेप चुकली नाही, तर मी तुम्हाला सोडते. चुकली तर मेपर्यंत इथेच, आणि कुरकुर करायची नाही."

तेव्हा पोरी, माझा हिवाळा तुझ्या टायरवर आहे.

मी जन्मभर ती पावाची गाडी त्या घाटात चालवली. माझं हाड मोडल्यावर तू ती खेप हाती घेतलीस, उन्हाळ्यात गाडीही बदललीस, चांगलं केलंस. पण टायरच्या बाबतीत कुणाचं ऐकू नकोस, माझं ऐक. मागे दोन हिवाळी टायर टाक, नवे. पुढे आहेत तेच राहू दे. मागच्या चाकांवर वाळूची दोन पोती ठेव. वर चौकात गाडी वळवायला जागा नाही, माझ्या फाटकावरून उलटी खाली आणावी लागते, हे तुला सांगायला नको. दोन टायर आणि दोन पोती. एवढ्यावर मी सगळे हिवाळे काढले.

तुझा मामा,
स्टामेन

दोल्नी मोस्त, १७ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पत्र पोचलं. तू इथे असताना जेवढा रागावतोस त्याच्या निम्माच कागदावर रागावतोस, म्हणजे समुद्र तुला मानवलाय.

मामा, ही गाडी पुढची चाकं ओढतात. तुझी जुनी मागून ढकलायची. हे मी तुला उन्हाळ्यातच सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास, "असू दे, चालते ना?" आता मागे टायर टाकून पुढची चाकं बर्फात गरागरा फिरली तर मी पाव काय डोक्यावर घेऊन चढू?

मेतोदीच्या गॅरेजात जाऊन आले. त्याच्याकडे एक विक्रेता बसला होता, मला बारमाही टायर गळ्यात मारायला बघत होता. "एकदा टाका, बारा महिने निश्चिंत." मेतोदी त्याला म्हणाला, "अरे, बारा महिने चालणारा टायर म्हणजे बारा महिने अर्धवट. ही बाई घाटात पाव नेते, बागेत फिरायला नाही." मग त्यानं मला हात धरून रॅकपाशी नेलं आणि मास्तरासारखं शिकवलं. टायरच्या कडेला डोंगराचं चित्र आणि त्यात हिमकण असला तरच खरा हिवाळी टायर. नुसती अक्षरं असतात त्यांच्यावर जाऊ नये. माल वाहणाऱ्या गाडीचा टायर वेगळा असतो, कडक कुशीचा, लहान मोटारीचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, पावाच्या ओझ्यानं तो पोट सोडतो. फार रुंद नको, अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोचतो. आणि कधी बनलाय ते कडेवर कोरलेलं असतं ते वाचायचं. जुना रबर थंडीत लाकूड होतो, वरच्या खाचा कितीही खोल असोत.

हे सगळं मला पटलं. भांडण झालं ते आकड्यावरून. मी दोन म्हटलं, तो चार म्हणाला. मी म्हटलं, माझा मामा दोन म्हणतो. तो म्हणाला, "मामाला विचार, मागची दोन चाकं काय सुट्टीवर आहेत?"

विचारते. सुट्टीवर आहेत का?

स्तुदेन्कात सगळे बरे. वेलिका आजी रोज तुझ्या घराच्या फाटकाला हात लावून बघते, कडी नीट आहे ना म्हणून. दोन्का मावशी म्हणते, तू गेल्यापासून गावात भांडायला कुणी उरलं नाही.

तुझी,
राद्का

बुर्गास, २४ ऑक्टोबर

राद्का,

मेतोदीला म्हणावं, त्याला लंगोट होता तेव्हा मी त्याच्या बापाच्या गॅरेजात टायर बदलत होतो.

ठीक आहे, गाडी पुढून ओढते. मग टायर पुढे टाक. त्यात एवढं काय? जे बैल गाडा ओढतात त्यांना नाल ठोकतात, मागे बांधून चालवलेल्या गाईला कुणी ठोकत नाही. ओढणारी चाकं धरली की बाकीची मुकाट मागे येतात. चार टायर विकणं हा मेतोदीचा धंदा आहे, चार घेणं हा तुझा नाही.

परवा संत दिमितरचा दिवस. आपल्याकडे त्या दिवशी हिवाळा चालू होतो, मेंढपाळ खाली येतात, जुनं काम संपतं. त्या दिवसापर्यंत माझे टायर बदललेलेच असायचे. तुला उशीर झालाय.

झिव्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवार लाल केलेत. तुझ्या खेपांचे दिवस. मी रोज सकाळी तिकडे बघतो. वय झालं की माणूस कशावर डोळा ठेवून बसेल सांगता येत नाही.

वाळू विसरू नकोस.

मामा

दोल्नी मोस्त, ६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझंच खरं केलं. दोन घेतले, पुढे लावले. डोंगर आहे, हिमकण आहे, माल वाहणारे आहेत, याच वर्षी बनलेत. मेतोदीनं शेवटचा नट आवळला, हात पुसले आणि म्हणाला, "मग मागे देवाला बसव."

वाळूची पोतीही टाकलीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर हाक बाबा, शेळ्या तुझ्या ऐकण्यात आहेत.

बर्फ अजून नाही. पहिल्या बर्फाच्या खेपेला वेलिका आजी आणि मंडळी नव्या टायरांसाठी वाटेवर पाणी ओतणार आहेत, रिवाजाप्रमाणे. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. तांब्याची भांडी आताच घासून ठेवलीत. मी म्हटलं, कशाला एवढं, टायर तर आहेत. आजी म्हणाली, "लग्नाच्या नवरीपुढे ओततो, शाळेत जाणाऱ्या पोरापुढे ओततो, आणि आमच्या पावापुढे नको?"

तुझी,
राद्का

बुर्गास, २२ नोव्हेंबर

राद्का,

रेडिओवर सांगितलं, आपल्या डोंगरात गुडघाभर बर्फ पडलंय. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, तुझी चिठ्ठी नाही. फोन केला तर तू "सगळं ठीक, सगळं ठीक" म्हणून ठेवून दिलास. तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

झिव्का पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी उभी राहते. "बाबा, खूण करू की नको?" मी म्हटलं, कर. माझ्या भरवशावर केली. आता तू लिही.

मामा

दोल्नी मोस्त, २७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

काळजी करू नकोस. एकही खेप चुकली नाही. पाव वर गेला, गोळ्या गेल्या, दोन्का मावशीच्या चुलीसाठी गॅसची टाकी गेली. सगळं ठीक आहे. खूण कर म्हणावं.

एक सांगायचं म्हणजे, मी मागेही दोन टायर घेतले. आता चारही सारखे. कशासाठी ते विचारू नकोस, थंडी जास्त आहे.

मेतोदी तुला नमस्कार सांगतो. उगीच सांगतो, काही कारण नाही.

आणि मामा, तुझं फाटक कुठल्या लाकडाचं होतं? म्हणजे आहे? आणि त्याला रंग कुठला दिला होतास, हिरवा की निळा? बर्फात नीट कळत नाही.

तुझी,
राद्का

बुर्गास, ३ डिसेंबर

माझी गुणी पोर,

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. झिव्काला म्हटलं, बघ, ही मला न सांगता माझं फाटक रंगवून ठेवणार आहे. तुला वाटलं म्हाताऱ्याला कळणार नाही. मला सगळं कळतं.

फाटक ओकचं आहे. झिव्का जन्मली त्या वर्षी केलं. तुझी मामी मार्गिता तेव्हा म्हणाली होती, एवढं जड फाटक कशाला, आपल्याकडे चोरायला आहे काय? मी म्हटलं, आता मुलगी आहे. रंग निळा होता, पाणी पिऊन हिरवट झालाय. निळाच दे. मार्गिता गेल्यापासून त्याला ब्रश लागला नाही. ते उघडून आत जायचं आणि कडी लावायची, एवढंच माझं घरी येणं असायचं गेली काही वर्षं. तरी इथे बसल्यावर त्या कडीचा आवाज आठवतो.

मागच्या दोन टायरांबद्दल मी बोलणार नाही. मेतोदीनं तुला गुंडाळलं. इथे बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना मी दोन पुरतात म्हणून सांगून बसलोय, ते असो.

कॅलेंडरवरच्या खुणा वाढतायत. काल झिव्कानं माझे लोकरीचे मोजे धुतले.

मामा

दोल्नी मोस्त, ९ डिसेंबर

मामा,

तू एवढं गोड पत्र लिहायला नको होतंस. तीन वेळा वाचलं आणि जेवण गेलं नाही. आता खरं सांगते.

तुझं फाटक मोडलं. मी मोडलं.

पहिल्या बर्फाच्या दिवशी गाडी झकास वर चढली. पुढचे टायर असे धरत होते की मला गाणं म्हणावंसं वाटलं. चौकात पाव वाटला. सगळ्या आल्या होत्या, ठेवणीतले रुमाल बांधून. गाडी उलटी खाली जाते, म्हणून त्यांनी पाणी पुढे न ओतता गाडीच्या मागे ओतलं. वेलिका आजीनं एक भांडं, दोन्का मावशीनं एक, आणि मग कुणाला मागे राहायचं नव्हतं. रस्ता धुऊन काढला. मी हात जोडून निघाले तर आजीनं ओढून कॉफीला आत नेलं. नाही म्हणता येतं का तिला? कॉफी, मग चीज भरलेली बनित्सा, मग तुझ्या तब्येतीची चौकशी. बाहेर आले तोवर पाण्याची काच झाली होती.

मला दिसली नाही, वर भुरभुर बर्फ पडलं होतं. उलटी घेतली. पुढच्या चाकांनी धरलं. मागची चाकं उन्हाळी टायरांची, त्यांनी आपली वाट धरली. मी ब्रेकवर, गाडीचं तोंड जागच्या जागी आणि बूड तुझ्या घराकडे. हळूहळू, मामा, अगदी सावकाश, पाहुणी येते तशी ती फाटकातून आत गेली. मागची दारं उघडली आणि खालच्या गावांचा पाव तुझ्या अंगणात पसरला.

कुणाला खरचटलंही नाही. पहिल्यांदा वेलिका आजीच बोलली. म्हणाली, "बघा, पाण्यासारखी वाहत गेली." मग सगळ्या पाव झटकून गोळा करायला लागल्या. तुझी वाळू मात्र कामी आली. तीच पसरून गाडी बाहेर काढली. वाळूबद्दल तू बरोबर होतास.

दुसऱ्या दिवशी मेतोदी मागचे दोन टायर घेऊन आला. पुढच्या खेपेला मी त्याला बरोबर घेऊन गेले. त्याच उतारावर, त्याच काचेवर, पुन्हा उलटी. सरळ रेषेत खाली आली. मेतोदी म्हणाला, "सुट्टी संपली." आता बायका पाणी तुझ्या अक्रोडाच्या बुंध्याला ओततात, गाडीच्या नावानं.

खेप एकही चुकली नाही, हे खोटं नाही. पण पहिल्या खेपेला मी आडवी गेले होते, आणि ते झिव्काताईला कळलं तर ती तुला पाठवणार नाही. म्हणून झाकली मूठ ठेवली. आता तुझ्या हातात देते. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. फाटक मी करून देईन, ओकचंच, निळं. सुताराला सांगितलंय.

रागाव हवं तर. पण ये.

राद्का

बुर्गास, १५ डिसेंबर

राद्का,

पत्र वाचलं आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातलं. ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. पाच दिवसांवर माझं जाणं, आणि मी आपल्या हातानं त्यावर माती लोटू? फाटक गेलं तर गेलं. घर आहे ना.

रात्री जेवायला बसलो. मासा होता. मी म्हटलं, छान झालाय. झिव्कानं माझ्याकडे पाहिलं. या घरी आल्यापासून मी माशाला कधी छान म्हटलं नव्हतं. म्हणाली, "बाबा, कोटात काय आहे?"

काढून दिलं. काय करणार? तुझ्या मामीपुढेही मला कधी लपवता आलं नाही, आणि हिचे डोळे तिचेच.

ती उभी राहून वाचायला लागली. 'पाहुणी येते तशी' या ओळीपाशी पोचली आणि खुर्चीत बसली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पोरांना बोलावून पुन्हा मोठ्यानं वाचलं. मी ताटाकडे बघत बसलो होतो. मनात म्हटलं, संपलं, आता मे महिना.

हसून झाल्यावर तिनं एकच विचारलं. "आता चारही टायर आहेत?" मी म्हटलं, आहेत. मग म्हणाली, "बाबा, त्या 'सगळं ठीक'च्या पत्रावर माझा काडीचा विश्वास बसला नव्हता. त्यावर मी तुम्हाला पाठवणारच नव्हते, खुणा कितीही होऊ देत. पण फाटक मोडलं हे जी एवढं लिहून कळवते, ती तुमची औषधं चुकली किंवा तुम्ही पडलात तर तेही कळवेल. मला तेवढंच हवं होतं."

आणि उठून बॅग काढली.

शनिवारी दुपारच्या बसनं येतोय. पुलापाशी उभी राहा. फाटकाबद्दल आता काही बोलू नकोस, मला वाईट वाटलंय. खोटं कशाला बोलू.

आणि बाकावरच्या लोकांना सांगून आलो. म्हटलं, पुढून ओढणारी गाडी असेल तर चार लागतात. एकानं विचारलं, दोनचं काय झालं? मी म्हटलं, तुम्हाला ऐकू कमी येतं, मी पहिल्यापासून चारच म्हणत होतो.

मामा

स्तुदेन्का, २९ डिसेंबर

राद्का,

हे पत्र तुझ्याच गाडीतून खाली पाठवतोय, तुलाच. पावाच्या ट्रेखाली ठेवायला दोन्कानं सांगितलं. तोंडानं सांगितलं असतं, पण तू गाडीतून उतरलीस की मान खाली घालून पाव मोजत बसतेस, माझ्याकडे बघत नाहीस.

त्या शनिवारी तू मला दारात उतरवलंस तेव्हा मी काही बोललो नाही. तू समजलीस मी रागावलोय. रागावलो नव्हतो. दोन खांब उभे, मध्ये काही नाही, आणि आत अंगणात गाडीच्या चाकांच्या खुणा. मी बघत राहिलो. आपलं घर एवढं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. घाबरलो थोडा. मग तू गेलीस आणि मी आत जाऊन शेगडी पेटवली.

मग मंगळवार आला. गाडीचा आवाज ऐकला, खिडकीपाशी गेलो. तू चौकापर्यंत न जाता थेट माझ्या अंगणात शिरलीस, गाडी वळवलीस आणि तिचं तोंड उताराकडे करून उभी केलीस. जन्मभर मी त्या गल्लीतून मान मोडून उलटा उतरलो, आणि गाडी वळवायला जागा माझ्याच फाटकाच्या आत होती. मग एकेक करून सगळ्या आल्या. वेलिका आजी अक्रोडाखाली ओंडक्यावर बसली. दोन्कानं विचारलं, "काय रे, कॉफी ठेवतोस की नुसता बघतोस?" ठेवली. ती म्हणाली कडू आहे, मी म्हटलं तुझ्या तोंडापेक्षा गोड आहे. पाव संपला तरी तासभर कुणी हललं नाही.

पोरी, मी चौकात पाव देऊन निघून जायचो. चौकात रांग, आणि माझ्या घरी फक्त कडीचा आवाज. पावाची रांग माझ्या घरी कधी आलीच नव्हती.

सुताराला सांग, फाटक नको. झिव्का मोठी झाली, आता राखायचं काय? ओक कापला असेल तर त्याचा एक बाक करून दे, लांब, सगळ्या बसतील असा. निळा रंग दे.

शुक्रवारी येशील तेव्हा थोडी जास्त कॉफी आण, आणि मेतोदीला बरोबर घेऊन ये, त्याला एक पेला राकिया देणं लागतो. आज तू पाव वाटत होतीस तेव्हा मी काठी टेकत गाडीभोवती फिरलो. चारही टायरना लाथ मारून पाहिली. मागच्या दोघांना जरा हळू मारली.

तुझा मामा,
स्टामेन